लंडन ब्रिज अमेरिकेला गेला खरा, पण अख्खा नाही

एक मजकूर पुन्हा फिरायला लागलाय. त्याचा गोषवारा असा: 'बालवाडीत आपण ज्याचं गाणं म्हणत होतो तो ८०० वर्षांचा लंडन ब्रिज इंग्रजांनी एका अमेरिकन शेठला विकला. शेठला वाटलं, आपण दोन मनोऱ्यांचा टॉवर ब्रिज घेतोय. मग दगड न् दगड ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन पूल जसाच्या तसा उभा केला. लंडनमध्ये आज त्याचा एक दगडही उरलेला नाही.'

पूल विकला, एवढं खरं. बाकीचं एकेक पाहू.

विकलेला पूल ८०० वर्षांचा नव्हता. थेम्सवर लंडन ब्रिज नावाचे पूल एकामागून एक होत गेले. त्यातला प्रसिद्ध म्हातारा ११७६ साली बांधायला घेतला आणि १२०९ मध्ये पुरा झाला. वर घरं, दुकानं, सगळी वस्तीच होती. १८३१ मध्ये त्याच्या शेजारी जॉन रेनींच्या आराखड्यानुसार पाच कमानींचा ग्रॅनाइटचा पूल खुला झाला आणि म्हाताऱ्याला पाडलं. अमेरिकेला गेला तो रेनींचा पूल. विकला तेव्हा त्याचं वय १३७ वर्षं. गाणं तर अठराव्या शतकातच छापलं गेलं होतं, त्यामुळे ते या पुलाचं असूच शकत नाही.

शेठ फसल्याची गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण श्रीमंत माणूस मूर्ख ठरला की बरं वाटतं. पण रॉबर्ट मॅक्कलॉक भोळा गिऱ्हाईक नव्हता. तेलाच्या धंद्यातला आणि यांत्रिक करवतींचा हा उद्योजक कोलोराडो नदीच्या धरणाच्या जलाशयाकाठी लेक हवासू सिटी हे नवं शहर वसवत होता. प्लॉट होते, गिऱ्हाईक यायला हवं होतं. आपल्याकडे प्लॉटिंगच्या स्कीमला भव्य कमान उभारतात, त्याने पूल उभारला. १९६८ मध्ये २४ लाख ६० हजार डॉलर मोजले. भाराने खचत चाललेला पूल पाडण्याऐवजी विकावा ही कल्पना लंडनच्या कौन्सिलमधले आयव्हन लकिन यांची. चुकून भलताच पूल घेतल्याची कथा मॅक्कलॉकनेही नाकारली आणि लकिननीही.

'जसाच्या तसा' हा दावाही टिकत नाही. ॲरिझोनात आधी काँक्रीटचा पोकळ सांगाडा उभा राहिला आणि त्यावर लंडनहून आलेले ग्रॅनाइटचे दर्शनी दगड चढवले. दगडांवर नंबर टाकले होते. जहाजाने पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच बंदराला आणि तिथून ट्रकने, असा त्यांचा प्रवास झाला. पूल बांधला तोही कोरड्या जमिनीवर. खालून पाणी जावं म्हणून कालवा नंतर खणला. १९७१च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं. भार काँक्रीट पेलतं, ग्रॅनाइट शोभेला. मला त्यात फसवणूक वाटत नाही, पण 'अख्खा पूल हलवला' असं कुणी म्हणू नये. सगळे दगड तिकडे पोचलेही नाहीत. काही इंग्लंडात डेव्हनच्या मेरिव्हेल खाणीत कापले गेले, आणि न लागलेले तुकडे तिथेच पडून राहिले.

आता 'एक दगडही उरला नाही' हे शेवटचं आणि सगळ्यात चुकीचं विधान. रेनींच्या पुलाच्या दगडी पायऱ्या दक्षिण टोकाला अजून आहेत, लोक त्यांना 'नॅन्सीज स्टेप्स' म्हणतात. आणि मजकुराला जो पूल विकल्यासारखा वाटतो, त्या म्हाताऱ्याचे अवशेष तर लंडनभर विखुरलेत. पुलावरची घरं १७६०च्या आसपास हटवली, तेव्हा पादचाऱ्यांसाठी कडेने अर्धघुमटी दगडी देवड्या बांधल्या होत्या. त्यांतल्या दोन पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये आहेत, एक पश्चिमेला ईस्ट शीनमध्ये फ्लॅटच्या आवारात आहे. चौथी गाय्ज हॉस्पिटलने १८६१ मध्ये १० गिनींना विकत घेतली. आता तिच्यात कवी कीट्सचा ब्राँझचा पुतळा बसलेला आहे, कारण कीट्स याच हॉस्पिटलात वैद्यकी शिकत होता. शेजारी बसून फोटो काढता येतो. मात्र या देवड्या पाहून १२०९चा दगड पाहिला असं कुणी समजू नये.

पुलाच्या दक्षिणेकडच्या वेशीवरचं राजचिन्ह वेस पाडल्यावर जवळच्या न्यूकमेन स्ट्रीटवरच्या किंग्ज आर्म्स या पबच्या दर्शनी भिंतीवर गेलं आणि आजही तिथेच आहे. माझ्या मते मात्र यांतली सगळ्यात बोलकी जागा उत्तर तीरावरचं सेंट मॅग्नस चर्च. जुन्या पुलाची पायवाट या चर्चच्या मनोऱ्याखालच्या कमानीतून जायची. कमान तिथेच आहे, अंगणात जुन्या पुलाचे दगड ठेवलेत आणि आत पुलाची मोठी प्रतिकृती आहे. बागेतली देवडी पुलापासून तुटलेली वाटते. इथे मात्र पूल नेमका कुठून निघायचा ते पायांनाच कळतं.

यावर कुणी म्हणेल, चार देवड्या आणि थोडे दगड म्हणजे काही पूल नव्हे. मान्य. पण मग काँक्रीटवर चढवलेल्या ग्रॅनाइटलाही तोच नियम लावा.

मुलं-नातवंडं तिकडे आहेत म्हणून लंडनला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी: लंडन ब्रिज स्टेशनला उतरा, गाय्ज हॉस्पिटल अगदी लागूनच आहे, किंग्ज आर्म्स तिथून थोडंच पुढे. मग नॅन्सीज स्टेप्स बघून आजच्या, १९७३च्या पुलावरून नदी ओलांडा. सेंट मॅग्नस उजव्या हाताला लागतं. याच पुलावरून पूर्वेला टॉवर ब्रिजही दिसतो, त्याचा फोटो टाकताना खाली नाव तेवढं बरोबर लिहा.