तिथे बघण्यासारखं काही नाही?

आज मंडळाच्या मीटिंगमधून चहा न घेता उठून आले. डिसेंबरच्या सहलीचं ठरत होतं. मी कच्छच्या छोट्या रणाचं नाव काढलं, तर एक वहिनी म्हणाल्या, "तिथे बघण्यासारखं आहे काय? नुसती भेगाळलेली जमीन." दुसरीने लगेच मोबाइल पुढे केला. कोणाच्या तरी भाच्याने काढलेला व्हिडिओ. उघडी जीप, कर्कश गाणं आणि पुढे जीव तोडून धावणारे घुडखर, म्हणजे रणातली रानगाढवं. सगळ्यांत मागे एक पिल्लू. "कसली पळतात गं!" म्हणून बायका हसत होत्या.

मला हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वीची जानेवारीतली सकाळ आठवली.

आई, मी आणि लेक पहाटे तीनला वडोदऱ्याहून निघालो होतो. विरमगामच्या आसपास उजाडलं. बजाणाहून जीपने आत शिरलो, आई शालीत गुरफटून पुढे बसलेली, तोंड अखंड चालू. थोड्या वेळाने रस्ताच संपला. झाड नाही, खांब नाही, चहूकडे सपाट. एका बेटाजवळ जीपवाल्या भाईंनी इंजिन बंद केलं आणि तोंडावर बोट ठेवलं. (पावसाळ्यात रणात पाणी भरतं तेव्हा हे गवताळ उंचवटे खरोखरच बेटं होतात.) पाच मिनिटं गेली, दहा गेली. आई गप्प. माझी आई! मग गवतातून एक मादी बाहेर आली. बदामी अंग, पांढरं पोट, पाठीवरून गेलेला गडद पट्टा, मागे पिल्लू. तिने आमच्याकडे बघितलं, कान हलवले आणि परत चरायला लागली.

आई कुजबुजली, "अगं, तुला कमाटी बागेत पिंजरे दाखवत फिरले मी. हे इतक्या जवळ होतं?"

तेच पिल्लू त्या व्हिडिओत धावत होतं असं मला वाटत राहिलं. तेच नसणार, कळतं मला. पण आईच्या मागे राहिलेलं पिल्लू बघून हसायचं? हा प्राणी ताशी सत्तर किलोमीटरने धावू शकतो, म्हणून काय त्याला पळवायचं? १९६९ च्या मोजणीत जेमतेम ३६२ उरले होते. रोगाने झुंडी संपल्या होत्या. २०२४ मध्ये साडेसात हजारांच्या वर गेले. जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य त्यांच्यासाठी राखलंय, आणि आपण तिथे गाणी लावून घुसतो. प्रवासी येतात म्हणून तिथल्या घरांत चार पैसे जातात, मान्य. मग त्या भाईंना इंजिन बंद करायचेच पैसे द्या ना!

आणि "काही नाही" म्हणणाऱ्यांना मी अगरियांकडे, रणात मीठ पिकवणाऱ्यांकडे नेईन. त्या सकाळी परतताना एका झोपडीपाशी थांबलो. पाऊस सरला की ही कुटुंबं रणात येतात, विहीर खणून जमिनीखालचं खारं पाणी उपसतात, पाट्यांत, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यांत सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत रोज दंताळ्याने ओढत मीठ पिकवतात. सात-आठ महिने तिथेच मुक्काम. प्यायचं पाणी टँकरने येतं. त्यातलंच पाणी वापरून झोपडीतल्या बेनने आम्हाला चहा दिला. "बेसो बा," म्हणत आईला खाटेवर बसवलं. आईचं लक्ष तिच्या पायांकडे. टाचा मिठाने चिरलेल्या. आईने चहा संपवला, पैसे काढले, तर त्या बेनने हात मागे घेतला.

लहानपणी मीठ सांडलं की आई सांगायची, पापण्यांनी वेचावं लागतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर ती लेकीला तेच सांगायला गेली आणि मधेच थांबली. विरमगाम येईपर्यंत बोलली नाही.

धोरडोचं पांढरं रण पौर्णिमेला सुंदर दिसतं, नाही म्हणत नाही. हडप्पाकालीन शहराचे अवशेष असलेलं धोळावीराही बघायलाच हवं. पण तंबूत राहून फोटो काढला की कच्छ झालं असं समजू नका. छोट्या रणात तुम्हाला बसून राहावं लागतं. मग लांब पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसते आणि ती हलली की कळतं, रोहित पक्षी आहेत. दुपारी मृगजळात घुडखरांचे पाय दिसेनासे होतात, नुसती अंगं तरंगताना दिसतात. हे त्या भाच्याने पाहिलंच नसणार, बिचारा. बावीस-तेवीसचा असेल. त्याच्यावर तरी किती चिडू? त्याला कोणी इंजिन बंद करून दाखवलंच नाही.

वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर माझा राग धरू नका. उठून गेले ते चुकलं. उन्हाळ्यात तिथे नेऊ नये आणि रस्ता लांबचा आहे, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

पण मी जानेवारीत परत जातेय. आईचे गुडघे आता फार दुखतात, तरी तिने कालच विचारलं, "ते पिल्लू आता मोठं झालं असेल, नाही?" त्या बेनसाठी ती लोणच्याची बरणी भरून ठेवणार आहे. गाडीत दोन जागा आहेत. पुढची सीट आईची.