स्त्रीवाद तिकडून आला म्हणता, मग कलम ९ कुठून आलं?

मार्च उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो तिघांनी पाठवला, त्यातली एक माझी सख्खी मावशी. मजकूर थोडक्यात असा: ‘स्त्रीवाद हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. आपल्याकडे बाईला देवीचा मान, म्हणून असल्या चळवळीची गरजच पडली नाही. तिकडच्या बायकांना पहिल्यापासून बरोबरी मिळाली, तरी त्यांची घरं मोडली. प्रत्येक समाजाची आपली रीत असते, बाहेरच्यांनी त्यात नाक खुपसू नये.’ मावशीवर माझा राग नाही. पण आपल्यासाठी ज्या बायकांनी शिव्याशाप खाल्ले त्यांना हा मेसेज पुसून टाकतो, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

‘हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे.’

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात छापलं गेलं. निमित्त होतं सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेचं. स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल कोर्टाने तिला फाशी सुनावली होती. अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतिमत्तेचा उद्धार सुरू झाला, तेव्हा ताराबाईंनी सरळ विचारलं की जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? बायको गेली की पुरुष दुसरी करून आणतो, मग नवरा गेल्यावर बाईनेच जन्मभर कोंडून का राहायचं? टीका करणाऱ्यांपासून त्यांचा बचाव करायला जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून उभे राहिले. इंग्रजीत ‘फेमिनिझम’ हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो १८९० च्या दशकात. बुलढाण्याच्या बाईचा सवाल त्याआधीचा आहे.

बंगालात रुकैया सखावत हुसेन यांनी १९११ मध्ये कोलकात्यात मुस्लिम मुलींची शाळा काढली, तेव्हा विद्यार्थिनी होत्या आठ. मुलींना न्यायला-आणायला गाडी केली, तर पडद्यासाठी ती चहूबाजूंनी इतकी बंद करावी लागली की आतल्या अंधारात, उकाड्यात पोरी बेशुद्ध पडायच्या, ओकायच्या. मग झडपा काढून कापडी पडदे लावले. लगेच धमकीची पत्रं आली, वाऱ्याने पडदा हलतो आणि मुली दिसतात म्हणून. त्या गाडीत बसणाऱ्या मुलीला मोकळी हवा हवीशी वाटायला लंडनहून कुणी शिकवायला यावं लागलं नसणार.

‘आपल्याकडे बाईला देवीचा मान.’

इथे मला रखमाबाईंबद्दल लिहायचंच आहे. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायकोला माझ्याकडे नांदायला पाठवा. रखमाबाई म्हणाल्या, मला न कळत्या वयात झालेलं हे लग्न मी मानत नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. ‘केसरी’नेही त्यांच्यावर झोड उठवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या परदेशी जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत-राजकोटला कित्येक वर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले.

आता नीट बघा. बायकोला कोर्टाच्या हुकमाने नांदायला लावायचं, हा दावा आला कुठून? इंग्लंडातल्या चर्चच्या कायद्यातून. हिंदू धर्मशास्त्रात अशा दाव्याला आधार नाही, हे खुद्द पिन्हे यांनी निकालात म्हटलं होतं. म्हणजे आयात झाली ती बेडी. ती तोडायला निघालेली बाई मुंबईची होती, मराठी होती. आणि संस्कृतीच्या नावाने गळा काढणारे त्या विलायती बेडीची राखण करत होते. इंग्लंडने ही तरतूद १९७० च्या कायद्याने रद्द केली. आपल्या हिंदू विवाह कायद्यात ती कलम ९ म्हणून अजून आहे. ‘नांदायला ये’ म्हणून वकिलाची नोटीस आलेली बाई मी आमच्याच सोसायटीत पाहिली आहे. जिन्यात तो कागद माझ्यापुढे धरताना तिचा हात थरथरत होता.

‘तिकडे पहिल्यापासून बरोबरी.’

स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ मध्ये. तिथल्या आपेन्झेल इनररोडन या कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात, स्थानिक मतदानाचा हक्क मिळायला १९९० उजाडलं, तोही सर्वोच्च कोर्टाच्या निकालाने. फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडता यायला लागलं १९६५ पासून. तिकडेही कुणी ताटात वाढून दिलेलं नाही.

आपल्या राज्यघटनेने सगळ्या सज्ञान बायकांना पहिल्या दिवसापासून मत दिलं, याचा मला अभिमान आहे. पण पहिल्या निवडणुकीच्या याद्यांमधून सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं गाळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद.

‘त्यांची घरं मोडली.’

बाईच्या हातात चार पैसे आले की काही घटस्फोट वाढतात, हे मी नाकारत नाही. मार खात राहण्याशिवाय इलाज नसलेली बाई आता बाहेर पडू शकते. ते घर तिच्यावर हात उचलणाऱ्याने आधीच मोडलेलं असतं.

‘बाहेरच्यांनी नाक खुपसू नये.’

यात तथ्य आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. इंग्रजांच्या वतीने इजिप्तवर राज्य करणारा लॉर्ड क्रोमर तिथल्या बुरख्यावरून इस्लामला नावं ठेवायचा, आणि मायदेशी परतल्यावर इंग्लंडमधल्या बायकांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. असल्या कळवळ्यावर कुणी विश्वास ठेवावा? पण त्याच इजिप्तमध्ये हुदा शारावी १९१९ मध्ये इंग्रजांविरुद्ध बायकांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि १९२३ मध्ये कैरोच्या स्टेशनवर त्यांनीच चेहऱ्यावरचा पडदा बाजूला केला. दोन्ही लढाया त्यांच्याच होत्या.

नायजेरियातल्या इग्बो बायकांची तर स्वतःची रीत होती. एखादा पुरुष बायकोला छळायला लागला की गावातल्या बायका त्याच्या दारात जमायच्या, त्याच्यावर गाणी रचून गायच्या, मुसळांनी त्याच्या झोपडीच्या भिंती बडवायच्या आणि तो कबूल होईपर्यंत हलायच्या नाहीत. इंग्रजांनी येऊन पुरुषांना मुखत्यार केलं. बायकांच्या सभांना त्या कारभारात जागाच उरली नाही. १९२९ मध्ये ओलोको गावात पाम तेल काढत बसलेल्या न्वान्येरुवा नावाच्या बाईला शिरगणतीवाल्याने माणसं आणि शेळ्यामेंढ्या मोजायला सांगितल्या. बायकांवरही कर बसणार, हे ओळखून ती उसळली: तुझ्या विधवा आईला मोजलंस का? हजारो बायका बाहेर पडल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक जणी मेल्या. बाहेरच्यांनी नाक खुपसलं होतं हे खरंच, पण ते बायकांचा हक्क काढून घ्यायला.

आणि आपली रीत म्हणाल, तर शेतकरी संघटनेचं लक्ष्मीमुक्ती आठवा. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर काही वर्षांतच शरद जोशींनी गावोगाव शेतकऱ्यांना सांगितलं की बायकोच्या नावावर जमीन करून द्या. मोर्चात घोषणा देऊन घरी परतलेल्या शेतकऱ्यांनी तलाठ्याकडे जाऊन खरोखर तसे फेरफार केले. याला कोणत्या देशाची नक्कल म्हणायचं?

मावशीला मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही, फोन केला. आजोळच्या जमिनीचा सातबारा मागच्या वर्षी ऑनलाइन काढला होता, तो वाचून दाखवला. खातेदार म्हणून दोन्ही मामांची नावं. आजीचं आणि मावशीचं नाव ‘इतर हक्क’च्या रकान्यात, खाली, विहिरीच्या नोंदीशेजारी. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तलाठी ऑफिस किती वाजता उघडतं गं?’