पट्ट्याला हात लावू नका

आज एका बारशाला गेले होते. पाळणा झाला, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, मग निघाला फोटोचा विषय. सगळ्या बायका हॉलच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. मी कडेला, पट्टा सांभाळत. खांद्याच्या ऑपरेशननंतर हात गळ्यात अडकवून ठेवतात ना, तो पट्टा. आमच्या आत्तेसासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तो पट्टा काढ की फोटोपुरता. किती दिवस मिरवणार आहेस?" मी "नको आत्या, राहू दे" म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच व्हेलक्रो ओढला. चर्रर्र. आणि हाताला धरून मला खेचलं पहिल्या रांगेत.

उजव्या हाताला. ऑपरेशनवाल्या.

डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणतात ना, ते खरंच चमकतात. फोटोत मी दात काढून हसतेय असं दिसतंय. ते हसू नाहीये.

घरी येऊन फिजिओला फोन केला. ती म्हणाली बर्फ लावा, सकाळी या, बघू. तर आत्ता खांद्यावर बर्फाची पिशवी आणि डाव्या हातात मोबाइल. शुद्धलेखन तपासायला बसू नका.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना दहादा सांगून झालंय त्यांच्यासाठी अकराव्यांदा. माझं हाड मोडलेलं नव्हतं. खांद्याभोवती चार स्नायू असतात, ते दंडाचं हाड खोबणीत धरून ठेवतात. त्या सगळ्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या वरच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट भाग, माझ्या हाडापासून सुटला होता. ओल्या जिन्यात पाय घसरला, हात टेकला, एवढंच निमित्त. दुर्बिणीतून ऑपरेशन करून तो परत हाडाला शिवला. हाडात बारीक अँकर, म्हणजे खुंट्या, बसवतात, त्यांना दोरे असतात, त्या दोऱ्यांनी टेंडन ओढून जागेवर बांधतात. पण बांधला म्हणजे धरला असं नसतं. तिथे रक्तपुरवठा मुळात कमी, त्यामुळे तो हाडाला चिकटायला महिने लागतात. तोवर सगळी मदार त्या दोऱ्यांवर. म्हणून सहा आठवडे पट्टा, तोही कमरेला उशी लावून, हात अंगापासून जरा लांब राहील असा. मग हळूहळू स्वतःच्या ताकदीने हलवायचं. वजन उचलायचं नाव तीन महिन्यांच्या आधी काढायचं नाही. पूर्ण ताकद यायला सहा महिने ते वर्ष.

माझे सहा आठवडे झालेत. तीन महिने व्हायचेत. घरात पट्टा काढायला परवानगी आहे, गर्दीत घाला असं सर्जननेच सांगितलंय. का, ते आज कळलं असेल.

मुळात घोळ इथे आहे की बाहेरून दिसतात फक्त चार-दोन बारीक भोकं. त्यांचे टाकेही कधीच निघाले. "एवढंसंच ऑपरेशन?" असं म्हणणाऱ्यांची तर रांग लागली होती. आत्यांच्याच मुलाचा पाय मोडला होता मागे, गाडीवरून पडून. त्याला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. काय थाट होता त्याचा! पोरांनी प्लास्टरवर स्केचपेनने सह्या केल्या, आत्या स्वतः डाळिंब सोलून दाणे भरवत होत्या. प्लास्टर दिसतं, टणक असतं, वाजवून बघता येतं. त्यापुढे माझा पट्टा म्हणजे कापड आणि व्हेलक्रो. कोणालाही वाटतं, ही हवं तेव्हा काढते आणि काम दिसलं की घालते.

हे मी उगाच म्हणत नाही. माझ्या कानांनी ऐकलंय. त्या रविवारचं सांगते.

पट्टा लागून थोडेच दिवस झाले होते. दुपारी न कळवता मंडळी "भेटायला" आली. आजाऱ्याला भेटायला जाणं आपल्याकडे पुण्याचं काम, त्याला माझी ना नाही. सगळे कोचावर बसले, पंखा पाचवर केला, कोणाच्या कोणाचा खांदा कसा निखळला त्याच्या गोष्टी सुरू झाल्या. आमचे हे नेमके औषधं आणायला बाहेर. आणि मग ती शांतता. तुम्हाला माहितीये कुठली. कोणीच काही बोलत नाही आणि सगळे स्वयंपाकघराच्या दिशेने बघत नाहीयेत असं दाखवतात, ती.

मी उठले. चहा टाकायला.

एका हाताने गॅस पेटवून बघा एकदा. बटण दाबून फिरवायचं आणि त्याच क्षणी लायटर मारायचा, हे दोन हातांचं काम आहे, हे मला पन्नाशीत कळलं. बटण फिरवलं की लायटर ओट्यावर, लायटर उचलेपर्यंत गॅसचा वास. बंद केलं. परत. परत वास. बाहेरून आवाज आला, "अगं, त्रास नको घेऊस हं, बिनसाखरेचा कर दोन कप." आणि त्यामागून हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत, "करतेय की. म्हणजे होतंय आता." तेवढ्यात त्यांच्यातलीच एक, नवीन लग्न होऊन आलेली सून, आत आली. काही बोलली नाही. लायटर उचलला, मी बटण फिरवलं, तिने टकटक केलं, पेटला. मग तिनेच आलं किसलं.

बाकीच्यांनी चहा छान झाल्याचं सांगितलं.

मला ना, त्या वाक्याचा राग अजून जात नाही. "करतेय की. म्हणजे होतंय आता." म्हणजे बाईने केलं तर तिला होतंय, आणि नाही केलं तर नाटक. मधलं काही नाहीच. दुखत असताना केलं, चुकीच्या हाताने केलं, करायला नको होतं तरी केलं, याला रकानाच नाही त्यांच्या हिशोबात.

रात्रींचं तर कोणाला सांगताच येत नाही. ऑपरेशनच्या आधी मानेत इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर करतात. पहिल्या रात्री तो हात माझा नव्हताच. अंधारात डाव्या हाताला कोणाची तरी बोटं लागली, गार, जाड, आणि मी दचकून ओरडले. माझीच बोटं होती. आवाजही बसला होता त्या इंजेक्शनने, त्यामुळे ओरडणंही धड झालं नाही. नंतर बधिरपणा उतरला आणि मग कळलं की बधिर होतं तेच बरं होतं. आडवं झोपायचं नाही. उशांचा डोंगर रचून अर्धवट बसून झोपायचं, कोपराखाली आणखी एक उशी. पहाटे तीन वाजता घड्याळ बघत बसलेली बाई दिवसा "तोंड का पाडून बसलीस" हे ऐकते तेव्हा तिच्या मनात काय येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि कपडे! पुढून उघडणारे गाऊन सोडून जगात काहीच घालता येत नाही. ब्लाउज घालायचा तर आधी दुखरा हात, काढायचा तर दुखरा हात शेवटी. हूक लावायला आमचे हे. चश्मा लावून, श्वास रोखून. "तीन लावले, बास ना?" म्हणायचे. पट्ट्याच्या व्हेलक्रोने दोन चांगल्या साड्यांचे धागे ओढले, मंगळसूत्र त्यात अडकायचं ते वेगळंच. उन्हाळ्यात ऑपरेशन झालेलं, मानेवर पट्टा घासून घामोळं, तिथे जुन्या सुती रुमालाची घडी घालून ठेवायची. काखेत साबण कसा लावायचा, हे कोणी विचारलं का मला? पुढे वाकायचं, हात नुसता लोंबू द्यायचा, मग डाव्या हाताने. त्याच अवस्थेत फिजिओ अंग हलवायला सांगते, म्हणजे हात आपोआप झुलतो, घड्याळाच्या लंबकासारखा. मोरीत आणि व्यायामात एकच आसन. बरं आहे.

बरं, एक गोष्ट मान्य करते, कारण कोणीतरी डॉक्टर मित्र कॉमेंटमध्ये सांगणारच आहे. पट्टा गरजेपेक्षा जास्त दिवस बांधून ठेवला तर खांदा आखडतो, साखर असणाऱ्यांचा तर जास्तच. खरं आहे. म्हणून तर बोटं, मनगट, कोपर पहिल्यापासून हलवतेय, घरात पट्ट्याशिवाय वावरतेय. पण कधी काढायचा ते सर्जन आणि फिजिओ ठरवणार. बारशातला फोटोग्राफर नाही.

भाच्याने मध्ये अक्कल शिकवली, "मामी, क्रिकेटर बघ, खांद्याचं ऑपरेशन करून लगेच मैदानात." कोण लगेच? श्रेयस अय्यर घे. २०२१ च्या मार्चमध्ये, इथे आपल्या पुण्याजवळच्या गहुंज्याला, इंग्लंडविरुद्धच्या वनडेत चेंडू अडवताना खांदा निखळला. एप्रिलमध्ये ऑपरेशन. परत खेळला तो सप्टेंबरमध्ये, दुबईत, आयपीएलच्या उरलेल्या अर्ध्यात. पाच महिने, बाळा. पंचविशीतल्या, दिवसभर फक्त शरीरच सांभाळणाऱ्या मुलाला. माझ्यापेक्षा वेगळी दुखापत त्याची, हेही मान्य. पण त्याला त्या पाच महिन्यांत कोणी कणीक मळायला सांगितली नसणार, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

आता जरा शांत झालेय. बर्फ वितळला, बदलून आणला.

आत्यांबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण त्या वाईट नाहीत. त्यांचं मनगट मोडलं होतं ऐन तारुण्यात. गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या चुलीपुढे. भाकरी एका हाताने थापायच्या म्हणे. मनगट वाकडंच जुळलं, अजून बाटलीचं झाकण उघडता येत नाही त्यांना. हे त्या अभिमानाने सांगतात. कोणीतरी तेव्हा त्यांना "बस गं, मी करते" म्हणायला हवं होतं. कोणी म्हटलं नाही. आज फोटोसाठी पट्टा ओढताना त्यांच्या मनात वाईट काही नव्हतंच, ज्या बाईने स्वतःचं दुखणं कधी धरलं नाही ती दुसरीचं कसं धरणार.

पण म्हणून माझा हात ओढायचा? नाही. आत्यांची कीव येते आणि रागही येतो, दोन्ही एकदम, आणि आज रागाचं पारडं जड आहे. त्या नव्या सुनेला ना कामट्यांची गोष्ट माहीत, ना रोटेटर कफ. तिला ओट्याशी उभी बाई आणि न पेटणारा गॅस दिसला, ती उठली. वयाचा, शिक्षणाचा, काळाचा काही संबंध नाही. बघायचं की नाही, एवढाच प्रश्न असतो.

तर मी पट्टा घालणार आहे. बसमध्ये, बाजारात, लग्नात, बारशात. पट्टा असला की बसमधला अनोळखी माणूस सरकून जागा देतो, भाजीवाला पिशवी डाव्या खांद्याला अडकवून देतो. नसला की तेच लोक त्याच खांद्याला धक्का मारून पुढे जातात. हातासाठी त्याची गरज कमी होत चाललीय, लोकांसाठी अजून आहे. कोणाला ते मिरवणं वाटत असेल तर मिरवते म्हणा. आणि सैल झाला, वाकडा दिसला, फोटोत वाईट दिसला, तरी त्याला हात लावायचा नाही. मला विचारायचं. मी नाही म्हणेन.

दुसरं, गणपती जवळ आलेत आणि फोन सुरू झालेत, "मोदक यंदाही तुमच्याकडेच ना?" उकड मळणं म्हणजे काय प्रकार असतो ते ज्यांनी मळलीय त्यांना विचारा. यंदा मोदक विकतचे. ज्यांना हातवळणीचेच हवेत त्यांनी आदल्या दिवशी सकाळी यावं, तांदळाची पिठी आणि नारळ मी आणून ठेवते, खोवणी ओट्याखालच्या कप्प्यात आहे. मी स्टुलावर बसून कळ्या मोजेन.

आणि भेटायला जरूर या. चहाची पूड निळ्या डब्यात, साखर शेजारी, आलं फ्रीजच्या दारात. लायटर चालत नसेल तर काडेपेटी खिडकीत आहे.