प्रदेशाचं बारसं: काही उपयुक्त सूचना

हाती एखादा नवीन प्रदेश लागलाय आणि त्याला नाव ठेवायचंय? मग पहिली गोष्ट, तिथे राहणाऱ्यांना बारशाला बोलवायचं नाही. त्यांनी कधीचंच काहीतरी नाव ठेवलेलं असतं, उगाच त्यांचं ऐकत बसलात तर आपला मान जातो.

दिशा मोजायची ती आपल्या खुर्चीतून. अमेरिकन नौदलातल्या अल्फ्रेड महानने १९०२ साली पर्शियन आखाताच्या आसपासच्या भागाला 'मिडल ईस्ट' म्हटलं आणि ते चिकटलं. आता आशियातले निम्म्याहून जास्त लोक त्याच्याही पूर्वेला राहतात, त्यांच्यासाठी तो सरळसरळ पश्चिमेला येतो, पण त्यांना विचारतंय कोण.

अंदाज चुकला तर घाबरू नका आणि दुरुस्त तर मुळीच करू नका. कोलंबस १४९२ मधे भलत्याच बेटांवर उतरला आणि समजला इंडीज, म्हणजे भारताकडचा भाग, आला, नंतर चूक कळली तेव्हा लोकांनी काय केलं, पुढे 'वेस्ट' जोडून दिलं. झालं काम!

एखादं नाव आवडलं की पुरवून पुरवून वापरा. आफ्रिकेत गिनी आहे, शेजारी गिनी-बिसाऊ आहे, खाली इक्वेटोरियल गिनी आहे, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून १५४५ मधे एका स्पॅनिश खलाशाला पार पॅसिफिकमधलं बेट बघून आफ्रिकेतल्या गिनीची आठवण झाली, म्हणून ते न्यू गिनी. त्यातली इक्वेटोरियल गिनी माझी लाडकी. नावातच विषुववृत्त, पण ते जातं या देशाच्या मुख्य भूमीच्या आणि आन्नोबोन नावाच्या बेटाच्या मधल्या समुद्रातून, जमिनीला एका जागी पण शिवत नाही. कोणीतरी भर बारशात हे नाव घेतलं असेल आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असतील.

मार्केटिंग करायचं असेल तर एरिक द रेड या व्हायकिंग दर्यावर्दीचा आदर्श ठेवा, बर्फाने जवळपास ८० टक्के झाकलेल्या बेटाला ग्रीनलँड म्हटलं, का तर छान नाव असलं की लोक राहायला येतील. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण लोक खरंच गेले ना!

नावात दिशा घातलीत तर ती नकाशाशी जुळलीच पाहिजे असं काही नाही. आयर्लंड बेटाचं उत्तर टोक म्हणजे मॅलिन हेड, तिथे उभे राहिलात तर तुम्ही रिपब्लिक ऑफ आयर्लंड या देशात, म्हणजे बोलीभाषेत 'साउथ'मधे असता आणि अख्खं नॉर्दर्न आयर्लंड तुमच्यापेक्षा दक्षिणेला. तिमोर हे नावच मलय भाषेतल्या पूर्व या शब्दावरून आलंय, त्यामुळे पूर्व तिमोर म्हणजे पूर्व पूर्व. दोनदा सांगितलेलं बरं, लोक विसरतात.

आणि शेजाऱ्यांनी नावाला नावं ठेवली तर? ग्रीसमधे मॅसिडोनिया नावाचा प्रदेश आधीच होता, म्हणून त्याच नावाच्या देशाशी वर्षानुवर्षं भांडण चाललं, शेवटी २०१९ मधे त्या देशाने पुढे 'उत्तर' लावून घेतलं. ग्रीसकडे मध्य मॅसिडोनिया आहे, पश्चिम मॅसिडोनिया आहे, पूर्व मॅसिडोनिया पण आहे (शेजारच्या थ्रेस प्रदेशाला सोबत घेऊन). दक्षिण मॅसिडोनिया तेवढं अजून शिल्लक आहे, लागलं तर बुक करून ठेवा.