जहाजावरची वेगळी केबिन आणि आमच्या घरचा वाद

आमच्या मामंजींना यंदा पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांनी आजवर समुद्र फक्त किनाऱ्यावर उभे राहूनच पाहिला आहे, म्हणून यजमानांनी दसऱ्याच्या सुट्टीत सगळ्यांना क्रूझवर न्यायचे ठरवले. जहाज मुंबईहून निघते, गोव्याला जाते आणि तीन रात्रींनी पुन्हा मुंबईला येते. बेळगावातल्या आमच्या शहापूरहून चोर्ला घाटाने साडेतीन तासांत ज्या गोव्याला आपण मासे खायला जाऊन येतो, तिथे पोचण्यासाठी आधी उलट्या दिशेने सुमारे ५०० किलोमीटर मुंबई गाठायची, यावर गल्लीत आणि घरात यथेच्छ थट्टा झाली. थट्टा सोसवली. पण केबिन किती घ्यायच्या, या प्रश्नावर जो वाद पेटला तो दोन आठवडे विझला नाही, आणि त्या वादात मला जे जाणवले ते इथे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्या भागातल्या बहुतेक घरांत हा प्रश्न जहाजाविनाही येतोच.

आम्ही सहा माणसे. मामंजी, आत्या (म्हणजे माझ्या सासूबाई), आम्ही दोघे, दुसऱ्या पीयूसीत (म्हणजे बारावीत) असलेली सतरा वर्षांची मुलगी आणि नववीतला चौदा वर्षांचा मुलगा. कोल्हापूरच्या वन्संही येणार होत्या, पण आपल्याकडे मोठी सुट्टी दसऱ्याला आणि त्यांच्याकडे दिवाळीला, त्यामुळे दोन राज्यांच्या वेळापत्रकात त्यांचा बेत अडकला. तरी फोनवरून त्या वादात पूर्णपणे सहभागी होत्या.

एजंटाने दोन पर्याय दिले. पहिल्यात दोन केबिन : एकीत मामंजी आणि आत्या, दुसरीत आम्ही चौघे. दुसऱ्यात तीन केबिन, त्यांतली एक मुलांची. जहाजाचे भाडे साधारणपणे एका केबिनमध्ये दोन माणसे धरून माणशी ठरवलेले असते आणि त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला ते बरेच कमी पडते. म्हणजे मुलांना आमच्या केबिनमध्ये घातले तर पैसे वाचतात आणि वेगळी दिली तर त्यांचीही दोन पूर्ण भाडी होतात. मी स्वतः पतसंस्थेत काम करते, त्यामुळे फरक किती याचा हिशेब मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. मामंजींच्या नावाची आवर्त ठेव मुदतीआधी मोडून हा प्रवास होत आहे, हे सांगितलेले बरे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हा श्रीमंतांच्या घरचा रिकामपणाचा वाद आहे.

चौघांनी एका केबिनमध्ये राहायचे म्हणजे काय, हेही डोळ्यांसमोर आणावे. खिडकी नसलेली आतली केबिन बऱ्याचदा दीडशे चौरस फुटांच्या आसपास, कधी त्याहूनही लहान असते. खाली दोन माणसांचा पलंग आणि वर भिंतीतून किंवा छतातून उघडणारे दोन बर्थ, आपल्या रेल्वेतल्यासारखे. न्हाणीघर आणि संडास मिळून एकच, आणि ते इतके अरुंद की आत वळताना कोपर लागते. सकाळी चौघांनी आवरायचे, त्यांत एक सतरा वर्षांची मुलगी. ज्यांना यात अडचण दिसत नाही, त्यांनी आपल्या घरातल्या मुलीला एकदा विचारून पाहावे.

अर्थात आमच्या पिढीला हे कारण पटत नाही, आणि का पटत नाही तेही मला कळते. आमचे घर शहापुरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे. मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करते आणि मुलगा मधल्या खोलीत आजोबांशेजारी झोपतो. मी स्वतः तर लग्नापर्यंत चुलत भावंडांच्या ओळीत जाजमावर झोपले आहे. यल्लम्माच्या डोंगराला पौर्णिमेला जायचो तेव्हा तळावर बैलगाडीखाली किती जण झोपले आहेत याची मोजदाद कोणी करीत नसे. 'आम्हाला कुठे वेगळी खोली होती?' हे यजमानांचे वाक्य त्यामुळे खरेच आहे. पण ते वाक्य मुलीला वेगळी केबिन नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. आम्हाला नव्हती, ती जागेअभावी. इथे जागा विकत मिळते आहे, आणि आपण ती घेत नाही आहोत ती भीतीमुळे. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत.

भीती कशाची, हे कोणी उघड बोलत नव्हते. वन्सं तेवढ्या बोलल्या : 'वयात आलेल्या पोरीला परक्या माणसांच्या जहाजावर बंद दाराआड ठेवणार?' मी त्यांना हसण्यावारी नेले नाही. जहाजावर गुन्हे घडतच नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. अमेरिकेने २०१० साली प्रवासी जहाजांच्या सुरक्षेसाठी खास कायदा केला, त्यात केबिनच्या दाराला बाहेरचा माणूस दिसेल असे भिंग हवे आणि कठडा किमान ४२ इंच उंच हवा, अशा बारीक गोष्टीही लिहिल्या आहेत, त्या काही उगाच नाहीत. पण माझे म्हणणे असे की दार कोणाला उघडायचे आणि कोणाला नाही, हे ज्या मुलीला शिकवलेले नाही, ती आईच्या केबिनमध्ये झोपली म्हणून सुरक्षित होत नाही. झोपायला सहा-सात तास लागतात. उरलेले सतरा तास ती डेकवर, जेवणाच्या दालनात, पोहण्याच्या तलावाशी आणि लिफ्टमध्ये असणार आहे आणि त्या सतरा तासांबद्दल आमच्या घरात कोणी अवाक्षर काढले नव्हते. रात्री अकरा वाजता वरच्या डेकवर संगीत चालू असताना ती कोणाबरोबर उभी आहे, हा प्रश्न केबिन एक असो की दोन, तेवढाच राहतो. आपण राखण करतो ती पलंगाची.

जहाजवाले स्वतः याबाबत काय करतात, हे मी जमेल तेवढे वाचले. अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर रॉयल कॅरिबियनचा नियम असा की २१ वर्षांखालील प्रवाशांच्या केबिनमध्ये एक मोठे माणूस हवे, मात्र आईवडील लगतच्या केबिनमध्ये असतील तर ही अट सैल होते. म्हणजे या धंद्यात मुरलेली कंपनीसुद्धा 'वेगळी केबिन नकोच' असे म्हणत नाही, 'जवळ असा' असे म्हणते. ज्या कंपन्या कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक मोठे माणूस मागतात, तिथे पुष्कळ कुटुंबे आई एका केबिनमध्ये आणि वडील दुसऱ्या केबिनमध्ये असे आरक्षण करतात आणि जहाजावर चढल्यावर झोपण्याची जागा बदलून घेतात. आपण बसच्या आरक्षणात 'लेडीज सीट'साठी जी अदलाबदल करतो, तसाच हा प्रकार.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र दुसरीच आहे, आणि ती आमच्या दोन आठवड्यांच्या भांडणात एकदाही निघाली नाही. संकटाचा भोंगा झाला की कुठे जमायचे, ती जागा जहाजावर बहुधा केबिनवरून ठरते आणि प्रवाशाच्या कार्डावर (केबिनची किल्ली आणि जहाजावरच्या खरेदीचे खाते हे कार्डच) छापलेली असते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कलंडले. जहाजावर ४,२०० हून अधिक माणसे होती, ३२ मृत्युमुखी पडली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची त्या जागी जमण्याची कवायत अजून झालेली नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ही कवायत घेणे बंधनकारक झाले. आता विचार करावा : मुलांची केबिन जहाजाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर त्यांची जमण्याची जागा वेगळी असू शकते, आणि भोंगा झाल्यावर आई मुलांच्या केबिनकडे धावेल, मुले आईच्या केबिनकडे धावतील आणि मधल्या जिन्यावर गर्दी असेल. म्हणून वेगळी केबिन द्यायचीच तर ती समोरची किंवा शेजारची हवी, कार्डावरची जमण्याची जागा सगळ्यांची एकच हवी, आणि भोंगा झाला की कोणी कोणाला शोधायला न जाता सरळ तिथेच जायचे, हे मुलांकडून पाठ करून घ्यायला हवे. वेगळ्या केबिनला माझा खरा विरोध असता तर तो या कारणासाठी असता, अब्रूच्या कारणासाठी नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मुलीची पीयूसीची परीक्षा मार्चमध्ये, मग सीईटी, आणि जूनच्या सुमारास ती बेंगळुरूला किंवा पुण्याला शिकायला जाईल. आपल्या भागातली निम्मी मुले जातात. ज्या घरात तीन रात्रींच्या केबिनवर दोन आठवडे वाद होतो, त्याच घरात वसतिगृह किंवा पीजी अर्ध्या दिवसात ठरते. एका रविवारी गाडीने जायचे, मालकिणीशी पंधरा मिनिटे बोलायचे, पाण्याची वेळ आणि जेवणाचे दर विचारायचे, अनामत भरायची, आणि ५०० किंवा ३४० किलोमीटर अंतरावर पोरीला सोडून रात्रीच्या स्लीपर कोचने परत यायचे. तिथे भिंतीपलीकडे आई नसते. तिला तिथे सोडण्याआधी आठ महिने, हाकेच्या अंतरावर, आम्ही समोरच्या दाराआड जागे असताना, स्वतःचे दार स्वतः लावून झोपण्याच्या तीन रात्री मिळत असतील, तर त्याला मी चैन म्हणणार नाही. रात्री किती वाजता परतायचे, भावाला एकटे सोडून जायचे का, कार्ड हरवले तर कोणाला सांगायचे, अनोळखी मुलाने केबिनचा क्रमांक विचारला तर काय उत्तर द्यायचे, हे सगळे ती इथे चुकून शिकली तरी निस्तरायला आम्ही आहोत.

यजमानांनी मधला मार्ग काढला होता : मुलगी आजीच्या केबिनमध्ये झोपेल, मुलगा आमच्या आणि आजोबाही आमच्याकडे. आपल्याकडे प्रत्येक अडचणीवर 'मुलगी आजीजवळ झोपेल' हाच उतारा असतो. आत्या पहाटे चारला उठून जप करतात, गुडघ्यांमुळे रात्री दोनदा त्यांना हात धरून न्यावे लागते. त्या केबिनमध्ये कोण कोणाची राखण करणार, हे मी विचारले तेव्हा यजमान गप्प झाले. शिवाय पंच्याहत्तरी ज्यांची, त्यांनाच नातवाच्या वरच्या बर्थखाली झोपवायचे, हे मला काही रुचले नाही.

आणि एक कबूल करायला हवे. धाकटा एकटा असता, सतरा वर्षांचा असता आणि त्याला वेगळी केबिन देण्याचा प्रश्न आला असता, तर हा वाद भाड्यापुरताच झाला असता. मामंजींनीच ते बोलून दाखवले. खानापूर तालुक्यातल्या गावातून पंधराव्या वर्षी ते बेळगावात शिकायला आले, दोन मित्रांबरोबर खोली करून राहिले, स्टोव्हवर भात शिजवून शाळेत गेले. 'मला कुणी विचारलं नाही, दार लावतोस का म्हणून,' ते म्हणाले. त्यावर आत्या, ज्या दोन आठवडे या विषयावर एक शब्दही बोलल्या नव्हत्या, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, 'मला सतराव्या वर्षी परक्या घरात खोली दिली होती. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.' खोलीत कोणीच काही बोलले नाही. मामंजी उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

शनिवारी मी एजंटाला तीन केबिनचा होकार कळवला. मामंजी-आत्यांना गॅलरीची केबिन, त्यांच्या शेजारी आमची, आणि समोर मुलांची आतली, गॅलरी नसलेली. ती स्वस्त पडते, आणि चौदा वर्षांच्या मुलाला समुद्रावरचा कठडा रात्री एकट्याने हाताशी असणे मला मान्य नाही, मग तो ४२ इंचांचा का असेना. कार्डावर खरेदी होणार नाही अशी सोय जहाजावर चढल्याबरोबर करून घ्यायची. समुद्रात मोबाईलला रेंज नसते, म्हणून रात्री साडेअकराला केबिनमधल्या फोनवरून आमच्या केबिनला फोन करायचा. भावाबहिणीने आपसात भांडून दार बाहेरून धरून ठेवायचे नाही, ही अट मुलीच्या मागणीवरून घातली.

मुलांच्या केबिनचे एक जादा कार्ड मोठ्यांकडे राहणार, यावरही एकमत झाले. ते कोणाकडे, यावर मात्र झाले नाही. मी माझ्याकडे म्हणत होते, यजमान त्यांच्याकडे म्हणत होते. मुलगी म्हणाली, कार्ड आजीकडे ठेवा. कारण विचारले तर म्हणाली, आजी दार ठोठावल्याशिवाय आत यायची नाही.