मुलीला स्टेजवर का आणत नाही?

"तुमची मुलगी गात नाही का? तिलाही घ्या की स्टेजवर!"

कार्यक्रम संपला की कुणी ना कुणी हे विचारतंच. प्रेमानं विचारतात, म्हणून आजवर हसून वेळ मारून नेत आले. आज गाडीत पाच तास काढायचेत, धाकटा नुकताच झोपलाय, तेव्हा एकदाचं सविस्तर उत्तर देऊन टाकते.

आम्ही दोघं सहा वर्षांखालच्या मुलांसमोर गातो. मी गिटार घेऊन गाते, नवरा खंजिरीपासून काहोनपर्यंत (त्यावर बसून हातानं वाजवायचं लाकडी खोकं) हाताला लागेल ते वाजवतो. मुलांना मागे ठेवणार कुणापाशी? म्हणून दौऱ्यावर ती बरोबरच असतात.

थोरली चार वर्षांची असताना एकदा तिला आणलं होतं मी स्टेजवर. घरी, गाडीत, अंघोळ करताना ती ते गाणं ठणठणीत म्हणायची. त्या दिवशी समोरचे सगळे मोबाइल वर गेले आणि पोरीनं माझ्या गिटारचा पट्टा मुठीत धरला, तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही. एक शब्द नाही. समोरून "किती गोड!" चालू होतं. नंतर गिटार उतरवताना हाताला लागलं, पट्टा ओला झाला होता. तिला विचारलंच नव्हतं मी, गृहीत धरलं होतं. चूक माझी.

गंमत पुढे आहे. पंधरा दिवसांनी, असंच गाडीत मागच्या सीटवर बसून तिनं आमचा अख्खा कार्यक्रम म्हणून दाखवला. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमानं. मधलं माझं "थांबा हं, एक तार उतरलीय"सुद्धा सोडलं नाही. बाबा दुसऱ्या कडव्यात घाई करतो, तीही हुबेहूब. आणि हे सगळं तिनं ऐकलं कसं होतं? विंगेत आमच्याकडे पाठ करून, माइकच्या रिकाम्या खोक्यात बाहुली झोपवता झोपवता.

तेव्हापासून समोर बसलेल्या मुलांकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. पाठ करून उभं असलेलं मूल, सतरंजीच्या कडेचा दोरा उसवत बसलेलं मूल, आईच्या मांडीत तोंड खुपसलेलं मूल, सगळी ऐकतच असतात. आणि समजा नसतीलच ऐकत, तरी बिघडत नाही. बिघडतं ते मागून "शूऽऽ, नीट बस, टाळ्या वाजव" सुरू झालं की. मूल आई-बाबांचा चेहरा बघत टाळ्या वाजवायला लागतं आणि गाणं राहतं बाजूला. (शाळेतले काही कार्यक्रम तर "हाताची घडी, तोंडावर बोट" अशा फर्मानानं सुरू होतात. अहो, मग गायचं कशानं त्यांनी?)

ताल त्यांना शिकवावा लागतो, हेही मला पटत नाही. २००९ साली हंगेरीतल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ताल ऐकवला आणि मधूनच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, गाळली. बाळांच्या मेंदूनं ती चूक टिपली. पुढे २०१४ मध्ये कॅनडात चौदा महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला. समोरच्या बाईबरोबर एका ठेक्यात झुलवलेली बाळं, तिच्या हातून पडलेल्या वस्तू उचलून द्यायला जास्त उत्सुक दिसली. म्हणून पोराला कडेवर घेऊन मागे झुलत उभ्या असलेल्या बाबांना मी कधीच "बसून घ्या" म्हणत नाही. ते कार्यक्रमातच आहेत.

आमच्याकडून सांभाळायच्या गोष्टी मात्र बऱ्याच आहेत. पट्टी, उदाहरणार्थ. मला सोयीची पट्टी मुलांना सोयीची असेलच असं नाही. त्यांचा गळा मध्य सप्तकातल्या पाच-सहा सुरांत सुखानं फिरतो, त्याखाली ती नुसती पुटपुटतात आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, गेलो की किंचाळतात. मग आपण म्हणतो, मुलं बेसूर आहेत. आम्ही काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) सा म्हणून धरतो आणि चाली शक्यतो सा ते प मध्येच ठेवतो. लयही त्यांची उपजत आपल्यापेक्षा जलद असते. कार्यक्रम चाळीस मिनिटांच्या वर जात नाही. भाषण अजिबात नाही. शेवटी दुसरी गिटार ओपन डीमध्ये (मोकळ्या तारांचाच एक सुरेल मेळ होईल अशी) लावून खाली ठेवतो, म्हणजे कुणीही कशीही छेडली तरी सुरेलच वाजते. खरा कार्यक्रम तिथे होतो असं नवऱ्याचं मत आहे. मी ते मान्य करत नाही, पण रांग मोठी असते हे खरं.

आवाजाबद्दल मी भांडते. एका ठिकाणी मुलांच्या कार्यक्रमाला वरातीला शोभतील असे स्पीकर लावून ठेवले होते. वर "मॅडम, जोश यायला पाहिजे ना!" हेडफोनवरून ऐकणाऱ्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं घालून दिलेली मर्यादा आठवड्याला चाळीस तास, सरासरी पंचाहत्तर डेसिबल अशी आहे. सभागृहाचा हिशोब वेगळा असतो, ठाऊक आहे मला. आमचा नियम साधा आहे: गाणं चालू असताना आईला मुलाशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. नसेल येत, तर आम्ही स्पीकर बंद करून नुसते खाली जाऊन बसतो. दोनदा तसं केलंय. आयोजक नाराज झाले, पोरं जवळ सरकली.

तर, थोरलीचं. ती आता सात वर्षांची आहे आणि स्टेजवर अजूनही येत नाही. मधे मीच एकदा विचारलं, तर म्हणाली, "मला तिथून ऐकू येत नाही." बरोबरच आहे, स्टेजवर, स्पीकरच्या मागे कुणालाच धड ऐकू येत नाही. त्यामुळे तिनं स्वतःची जागा शोधलीय, साउंडवाल्या काकांशेजारी, उंच स्टुलावर. तिनं कान झाकले की काकांनी आवाज उतरवायचा, असं त्या दोघांचं आपसात ठरलंय.

परवा तिनं दोनदा कान झाकले. पहिल्यांदा माइक शिट्टी मारत होता. दुसऱ्यांदा मी तार सप्तकात होते.