सूप, प्युरिफायर आणि एक बोचरी प्रतिक्रिया

मागच्या लेखावर ‘चिकित्सक’ या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिथंच खाली ‘आभारी आहे’ म्हणून विषय संपवणार होतो. पण दोन दिवस ती डोक्यात घोळतेय, म्हणून हे वेगळं उत्तर.

लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. १८७० च्या दशकात अमेरिकेत मिनिआपोलिसच्या गिरण्यांमध्ये ‘मिडलिंग्ज प्युरिफायर’ नावाचं यंत्र बसलं. मिडलिंग्ज म्हणजे आपला रवा. दळलेल्या गव्हात पीठही नाही आणि कोंडाही नाही असा जो मधला माल निघतो, तो. हे यंत्र त्यातला कोंडा काढायचं, मग तो साफ रवा पुन्हा दळला की पांढराशुभ्र मैदा. त्याआधी तिकडच्या कडक, वसंतात पेरायच्या गव्हाचं पीठ काळपट म्हणून बाजारात मार खायचं. यंत्र आल्यावर तोच गहू सगळ्यांत महाग मैदा देऊ लागला. आणि लेखाच्या शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं: या यंत्राच्या पोटात जे चालतं, ते माझी आजी सुपात करायची.

आता ‘चिकित्सक’ यांचे आक्षेप. यंत्र एडमंड ला क्रुआनं ‘शोधलं’ असं मी लिहिलं होतं, हे चूक, त्याच्या आधी फ्रान्समध्ये पेरिगो होता आणि त्याच्याही आधी ऑस्ट्रियात पाउर. त्याच्या नावाचा उच्चार मी ‘लाक्रॉइक्स’ केला तो हास्यास्पद. खरं श्रेय हंगेरीच्या रोलर गिरण्यांचं, म्हणजे दगडांऐवजी फिरत्या रुळांमध्ये गहू दळणाऱ्या गिरण्यांचं. मिनिआपोलिसच्या गिरणीतल्या १८७८ च्या स्फोटातल्या मृतांबद्दल चुकीचं लिहिलंय. कोंड्याबरोबर गेलेल्या पोषणाबद्दल चकार शब्द नाही. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “सुपाची उपमा म्हणजे निव्वळ आजीछाप भावुकता, लेखकानं प्युरिफायर काचेआडूनसुद्धा पाहिलेला नसावा.”

टीकेचं मला वावडं नाही. पण प्रतिक्रियेची सुरुवात “लेखनशैली बरी आहे” अशी करायची आणि शेवटी माणसाच्या अनुभवावरच थुंकायचं, ही कुठली पद्धत? “मला वाटतं उपमा जुळत नाही, कारण असं असं” एवढं लिहिलं असतं तर मी निमूटपणे वाचलं असतं. कदाचित. पण “पाहिलेला नसावा”! हे तुम्हाला कुणी सांगितलं? साहेब म्हणू की बाई, तेही कळत नाही, कारण खरं नाव लिहायची तसदी तुम्ही घेतलेली नाही. मी माझ्या नावानं लिहितो.

आधी मान्य करण्यासारखं मान्य करतो, नाही तर म्हणाल हा अडूनच बसलाय. स्फोटाबद्दल तुमचं बरोबर. २ मे १८७८ च्या संध्याकाळी तिथल्या वॉशबर्न या गिरणीमालकाची ‘ए’ गिरणी पिठाच्या धुरळ्यानं उडाली, एकूण १८ माणसं गेली. मी लिहिलं होतं ‘गिरणीतले १८ कामगार’. प्रत्यक्षात त्या गिरणीतले १४ आणि शेजारच्या गिरण्यांतले ४. दुरुस्त केलंय. उच्चारही बदललाय. फ्रेंच मला येत नाही, आणि त्याची लाजही वाटत नाही.

आता सूप.

बी.एस्सी. झाल्यावर मी एका रोलर फ्लोअर मिलमध्ये लागलो आणि अकरा वर्षं तिथं काढली. त्यातली सहा रात्रपाळीची. गिरणीचं नाव इथं घेत नाही, त्याची गरज नाही. चार मजली इमारत. सगळ्यात वर प्लॅनसिफ्टर, म्हणजे एकावर एक रचलेल्या मोठ्या चाळण्या, डोलत असायचे, त्यांच्या खालच्या मजल्यावर प्युरिफायर, त्याखाली रोल, म्हणजे दळणारे रूळ. प्युरिफायरला दोन्ही बाजूंनी काचेची दारं असतात, आत दिवा असतो. तेव्हा काचेआडून म्हणाल तर काचेआडून पाहिलाय, आणि काच उघडून कोपरापर्यंत हात घालूनही पाहिलाय. पहाटे तीनला, झोप उडवायला दुसरं काही नसतं तेव्हा, त्या काचेसमोर मी तासतास उभा राहिलोय. जाळीवर रव्याचा थर पुढे सरकत असतो, पातळ, हळदीच्या हाताने पुसल्यासारखा पिवळसर. खालून येणारी हवा त्याला जरासं उचलून धरते, त्यामुळे तो कण कण वाटतच नाही, उकळी यायच्या आधीचं दूध जसं थरथरतं तसा दिसतो. आणि त्या थराच्या वर, बोटभर उंचीवर, कोंड्याचे लालसर पापुद्रे तरंगत असतात. खाली पडत नाहीत, पुरते उडूनही जात नाहीत. नुसते नाचतात. जे फार हलके ते वरच्या पंख्यात ओढले जातात. जे ना धड रवा ना धड कोंडा, म्हणजे कोंड्याला गर चिकटलेले, ते जाळीच्या शेपटाकडून बाहेर पडून पुन्हा रोलवर जातात. स्वच्छ, जड रवा जाळीतून खाली.

आता आजी. आमच्याकडे लाडवाचा रवा विकत आणत नसत. गहू ओलवून फडक्यात बांधून ठेवायचे, म्हणजे साल चिवट होते, तिचा भुगा होत नाही, पापुद्रे निघतात. दळताना जात्याच्या मधल्या खुंट्याला चिंधी गुंडाळायची, म्हणजे वरचा दगड केसभर उचलला जातो आणि पीठ न पडता भरड पडते. मग चाळण. आणि चाळणीत वर राहिलेला माल सुपात. इथं दोन वेगळ्या हालचाली असतात, आणि तुम्ही सूप हातात धरलेलं नसावं (बघा, मलाही ‘नसावं’ म्हणता येतं) म्हणून सांगतो. आधी ती सूप आडवं घोळायची. त्यानं जड रवा तळाशी बसतो, हलका कोंडा वर येतो. मग आसडायची, एक छोटा झटका, की वरचा कोंडा सुपाच्या टोकाकडे सरकतो, आणि पाखडताना तोंडानं हलकी फुंकर. कोंडा जमिनीवर, रवा सुपात. थर लावणं, हलवणं, हवा देणं. यात प्युरिफायरमधलं काय नाही ते सांगा. जाळी? ती चाळण आधीच करून गेली. ला क्रुआनं चाळण आणि सूप एकाच पेटीत बसवून त्यांना वाफेवर किंवा पाण्यावर चालवलं, एवढंच.

आणि जात्याची ती चिंधी! मिनिआपोलिसच्या ‘न्यू प्रोसेस’ची, म्हणजे दळायच्या त्या नव्या पद्धतीची, निम्मी गंमत तिच्यातच आहे. जुन्या पद्धतीत दगड एकमेकांना जवळजवळ टेकवून, जोरात फिरवत. पीठ गरम व्हायचं, आणि त्या कडक गव्हाची ठिसूळ साल चुरा होऊन पिठात मिसळायची. एकदा मिसळली की कुठल्या चाळणीनं ती निघत नाही. म्हणून त्यांनी काय केलं? दगड उचलले, वेग कमी केला, पिठापेक्षा रवा जास्त काढला आणि तो रवा प्युरिफायरमध्ये घातला. मिसिसिपीकाठच्या मिलरांना १८७१ च्या आसपास जे सुचलं, ते आमच्या स्वयंपाकघरातल्या चिंधीला ठाऊक होतं. याला तुम्ही भावुकता म्हणता. मी तंत्र म्हणतो.

तुम्ही म्हणाल, सुपात हवा मोजून देता येत नाही, यंत्रात देता येते. हो? माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी प्युरिफायरची हवेची झडप गरजेपेक्षा जास्त उघडली. माझ्या डोक्यात काय होतं कुणास ठाऊक, जितकी हवा तितका साफ माल असं काहीसं. जाळीवरचा रवा अगदी देखणा दिसत होता, मी खुशीत. पहाटे आमच्या हेड मिलरनी कोंड्याच्या पोत्यात मूठ घातली, मूठ उघडली आणि काही न बोलता माझ्यासमोर धरली. तळहातभर बारीक रवा. चार तासांचा चांगला माल गुरांच्या खाद्यात गेला होता. त्यांनी झडप सारखी करताना कुठलं मीटर पाहिलं नाही. काचेत पाहिलं, हाताला रवा चोळून पाहिला, परत पाहिलं. आजी तेच करायची. फरक इतकाच की ती रवा सांडला तर स्वतःवरच चिडायची, आणि हेड मिलर माझ्यावर.

अजून पुरावा हवा असेल तर कोर्टाचा घ्या. रवा हवेनं साफ करण्याच्या कृतीवरून अमेरिकेत पेटंटची भांडणं थेट सुप्रीम कोर्टात गेली. १८७६ च्या सत्रातला कॉक्रेन विरुद्ध डीनर हा खटला पेटंट कायदा शिकणाऱ्यांना आजही वाचावा लागतो. आणि न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी त्यात काय म्हटलं? की कृती ही यंत्रापासून वेगळी गोष्ट आहे. माल कसा हाताळायचा, काय क्रमानं, काय परिणाम साधायला, ही कृती. ती कुठल्या आकाराच्या उपकरणानं केली हे दुय्यम. मी वेगळं काय म्हणत होतो? कृती तीच, उपकरण सूप. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला जे पटतं ते ‘चिकित्सक’ यांना पटत नसेल तर माझा इलाज नाही. (कॉक्रेनचं मूळ पेटंट १८६३ चं, म्हणजे ला क्रुआच्या यंत्राच्या आधीचं. हे तुम्ही शोधून काढायच्या आत मीच सांगून टाकतो.)

बाकीचे मुद्दे. पेरिगोचं पेटंट १८६० चं, आणि पाउर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, हे मला ठाऊक आहे. ला क्रुआनं फ्रेंच यंत्राचाच आधार घेतला हेही ठाऊक आहे. लेखात जागा नव्हती. पण मला सांगा, पेरिगोचं यंत्र मिनेसोटाच्या गव्हापुढे उभं करून, वॉशबर्नच्या ‘बी’ गिरणीत, ती चालवणाऱ्या जॉर्ज क्रिश्चनच्या नजरेखाली महिनोन्‌महिने झगडून ते चालवलं कुणी? मिनेसोटातल्याच फॅरिबो गावाहून आलेल्या ला क्रुआनंच ना? रेशमी जाळीची भोकं पिठानं बुजायची, तिथं जॉर्ज स्मिथनं खालून फिरणारे ब्रश लावले, पुढे स्वतःचं पेटंट घेतलं आणि मिशिगनमधल्या जॅक्सनला प्युरिफायरचा कारखाना काढला. ला क्रुआ मात्र १८७४ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. त्याला ‘शोध’ हा एक शब्द मी दिला तर कुणाचं काय जातं? तुम्ही त्यालाही पुन्हा कफल्लक करायला निघालात.

हंगेरीचं श्रेय हंगेरीला. तिथल्या गान्झ कंपनीचे मेखवार्टचे रोल, हागेनमाखरचा प्लॅनसिफ्टर, बुडापेस्टवर वेगळा लेख होईल. पण मिनिआपोलिसात प्युरिफायर आला तेव्हा तिथं अजून दगडच फिरत होते, रोल नंतर आले. तारखा बघून लिहीत चला.

पोषणाबद्दल मी लिहिलं नाही, कारण तो लेखाचा विषय नव्हता. मी गिरणीबद्दल लिहितो, डाएटबद्दल नाही. कोंडा काढला की काय जातं हे आता दुसरीतल्या मुलालाही पाठ असतं. उद्या मी सायकलवर लेख लिहिला तर हेल्मेटबद्दल चकार शब्द नाही म्हणाल.

एक वाचक म्हणून तुम्ही वेळ दिलात, लेख शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल खरंच आभार. हल्ली लोक शीर्षक वाचून प्रतिक्रिया देतात. तुम्ही तसं केलं नाहीत. पण पुढच्या वेळी मुद्दा लिहा, माणसानं काय पाहिलं असावं आणि काय नसावं याचे अंदाज सोडून द्या. आणि हो, आजीछाप हा शब्द मागे घेतलात तर बरं वाटेल. ती गेली त्याला अठरा वर्षं झाली. तिचं ते सूप अजून आमच्या माळ्यावर आहे, शेणानं सारवलेलं, एका कडेला बांबू सुटलेला. दिवाळीला बायकोनं आणलेल्या पॅकेटातल्या रव्यात लाल कण दिसले, तेव्हा मी ते खाली काढलं. अर्धा रवा फरशीवर गेला. अकरा वर्षांचा प्युरिफायरचा अनुभव तिथं उपयोगी पडला नाही, हे मात्र तुमच्या बाजूनं मोजायला हरकत नाही.

ता. क. मूळ लेखात ‘ला क्रुआनं शोधलेलं यंत्र’ याच्या जागी ‘ला क्रुआनं मिनिआपोलिसात उभं केलेलं यंत्र’ असं केलं आहे. ते तुमच्या प्रतिक्रियेमुळे नाही. शुद्धलेखन तपासताना वाक्य खटकलं म्हणून.